आठ बोटं

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्यासमोर एक मोठी काच आहे आणि काचेपलीकडं या कार्यक्रमाच्या ताई बसल्यात. आत पाठवताना त्या मला म्हणाल्या, "काका, पाच मिनिटं राहिली की मी पाच बोटं दाखवीन, मग चार, मग तीन. तेवढं बोटांकडं लक्ष ठेवा." मी म्हटलं, "ताई, बोटांचं मला सांगू नका. बोटांनी एकदा माझा जीव जायची वेळ आणली होती." त्या हसल्या. म्हातारा काहीतरी बोलतोय, असं त्यांना वाटलं असणार. विषय मला दिलाय 'नौदलातले माझे दिवस'. पंधरा वर्षांचे दिवस पंधरा मिनिटांत कुठले बसणार? म्हणून मी एकाच दिवसाचं सांगणार आहे. ४ डिसेंबर १९७१, शनिवार. बाकीचं जाता जाता.

मी वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा. आमच्याकडं घराआड एक पोरगा फौजेत. फौज म्हणजे बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्री. मीही आधी तिकडंच गेलो होतो, पण छाती इंचभर कमी भरली. नौदलाच्या भरतीत मात्र साहेबांनी छातीपेक्षा मॅट्रिकच्या सर्टिफिकेटकडं जास्त बघितलं. साल १९६७. घरी आलो तर आई म्हणाली, "तुला पवता येतंय ते खरं, पण नदीला काठ असतोय. समुद्रात दमलास तर धरणार काय?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आणि गंमत बघा. नौदलात गेलो आणि पहिल्यांदा पाठवलं कुठं, तर लोणावळ्याला. घाटमाथ्यावर! आयएनएस शिवाजी म्हणून तिथं नौदलाची इंजिनाचं शिक्षण देणारी शाळा आहे. नावाला जहाज, पण आहे डोंगरावर. पावसाळ्यात चहूबाजूंनी पाणी असायचं, तेवढाच काय तो समुद्र. तिथं मी स्टोकर झालो. स्टोकर म्हणजे बॉयलरमध्ये जाळ घालणारा माणूस. पुढं नेमणूक झाली विक्रांतवर.

स्टोकर म्हणजे काय ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझे चुलते, आमचे तात्या, गुळव्या होते. हंगामात पाच-सहा गावांची गुऱ्हाळं त्यांच्या हातावर चालायची. शाळा सुटली की मी चुलवणापाशी. चिपाडं ओढायची आणि आत सारायची. वर काहिलीत रस उकळतोय, मळी निघतेय, रानभेंडीचा चिकट रस घातला जातोय, आणि खाली मी. धूर झाला की मी मान वर करून धुराड्याकडं बघायचो. तात्या पाठीत एक घालायचे. "वर काय बघतूस? तितं चूक झाल्यावर दिसतंय. हितं जाळात बघ, आदी दिसतंय!"

हे वाक्य लक्षात ठेवा, श्रोतेहो. पुढं लागणार आहे. चूक धुराड्यात नंतर दिसते, जाळात आधी दिसते.

आता गुळाचं निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. हल्ली बाजारात तो पिवळाधमक गूळ मिळतो ना, सोन्यासारखा, तो घेऊ नका. तो रंग बहुतेक वेळा उसाचा नसतो, रंग उजळायला त्यात हायड्रॉस नावाची पावडर टाकलेली असते. तात्यांचा गूळ चॉकलेटी असायचा आणि पोळीला लावला की... असो. ताईंनी भुवई वर केली.

तर विक्रांत. आपली पहिली विमानवाहू. १९६१ साली बेलफास्टला नौदलात दाखल झालेली. पोटात चार बॉयलर. युद्धाच्या वर्षी त्यातल्या एकाला भेग गेलेली होती. चारातली एक चूल बंद आणि उरलेल्या तिघींवर सगळा संसार. चोवीस नॉटच्या आसपास पळणारं जहाज सोळाच्या घरात आलेलं. आता विमानवाहूला वेग कशाला लागतो? तर विमान उडताना समोरून वारा लागतो. वारा पडलेला असेल तर जहाजानंच वाऱ्याच्या तोंडावर पळून तो तयार करायचा. पोरं हातात भिरभिरं धरून पळतात, तसंच. पळता आलं नाही तर भिरभिरं फिरत नाही. म्हणून पुष्कळांचं म्हणणं होतं की या आजारी जहाजाला लढाईत नेऊ नका. पण वरच्यांनी ठरवलं, न्यायचं. मग आम्हाला पूर्वेला नेलं, बंगालच्या उपसागरात, आणि शेवटी अंदमानात नेऊन लपवलं.

लपवलं हा शब्द बरोबर आहे. पाकिस्तानची गाझी नावाची पाणबुडी आम्हाला बुडवायलाच निघालेली होती. आणि आपल्या लोकांनी असा बनाव केला की विक्रांत विशाखापट्टणमपाशीच आहे. आयएनएस राजपूत नावाचं जुनं जहाज विक्रांत असल्यासारखं संदेश पाठवत राहिलं. विशाखापट्टणमच्या बाजारात विक्रांतच्या नावानं शिध्याची मोठी मागणी नोंदवली गेली, म्हणजे बातमी फुटावी म्हणून. गाझी तिकडं आली, आणि ३ डिसेंबरच्या रात्री तिथंच बुडाली. आम्हाला हे सगळं फार नंतर कळलं. आम्हाला एवढंच माहीत की पत्र येत नाही आणि पत्र जात नाही.

घरच्यांना काय वाटत असेल, हे बावीस वर्षांच्या पोराला कळत नाही. मला तर मुळीच कळलं नाही.

३ तारखेच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला. मध्यरात्री रेडिओवर इंदिरा गांधी बोलल्या. आणि सकाळी आठ ते बाराची ड्युटी माझी होती. खाली, बॉयलर रूममध्ये.

आता ही बॉयलर रूम डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत गुऱ्हाळाचं चुलवण पेटवलंय, दार लावून घेतलंय आणि शेजारी पिठाची गिरणी चालू आहे. गरमी पन्नास अंशांच्या आसपास. जाळाला हवा घालणारे मोठाले पंखे, त्यांचा आवाज इतका की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून सगळं बोलणं हातानं. हात वर म्हणजे दाब वाढव, खाली म्हणजे कमी कर, मूठ म्हणजे थांब. पाणी प्यायला मिळायचं, मिठाच्या गोळ्या मिळायच्या, पण आंघोळीला बादलीभर पाणी मिळालं तर नशीब. गोडं पाणी आधी बॉयलरला, मग माणसाला.

आमचे चीफ केरळचे. पन्नाशीकडं झुकलेले, बुटके, काळेभोर, आणि रागावले की मल्याळममध्ये पुटपुटणारे. मला ते 'गुडवाला' म्हणायचे, गुळावरून. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी नव्हती. कुठल्याशा जुन्या जहाजावर व्हॉल्व्हमध्ये गेली होती. रोज बघून बघून आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. करंगळी नव्हती, हे लक्षात ठेवा.

विमानं वर डेकवरून उडतात. पण सी हॉक विमान आपल्या जोरावर उडत नाही, त्याला गलोलीसारखं फेकावं लागतं. कॅटापल्ट म्हणतात त्याला. आणि ही गलोल चालते वाफेवर. वाफ कुणाची? आमची. एक विमान फेकलं की बॉयलरच्या दाबाची सुई झटकन खाली यायची आणि पायाखालच्या लोखंडातून एक दणका जाणवायचा. सुई खाली आली म्हणजे एक विमान गेलं. आम्हाला ना आकाश दिसत होतं, ना समुद्र, ना विमान. दिसायची ती सुई.

आणि सुई खाली आली की आमची धावपळ. दाब पुन्हा वर न्यायचा म्हणजे जास्त तेल जाळायचं. तेल वाढवलं आणि हवा मागं राहिली की काळा धूर. काळा धूर म्हणजे उघड्या समुद्रात मैलोन्‌मैल दिसणारा झेंडा, या आणि मारा म्हणून. धूर दिसावा म्हणून बॉयलर रूममध्ये आरशाची एक नळी असते, तिच्यातून धुराड्याचं तोंड दिसतं. बाकी पोरं त्या नळीला डोळा लावायची. माझ्या पाठीत तात्यांचा गुद्दा होता. मी जाळात बघायचो.

घरोघरच्या बायाबापड्यांना हे मी सांगायला नको. गॅसची ज्योत निळी असली की भांडं स्वच्छ, पिवळी झाली की बूड काळं. बर्नरचं भोक बुजलेलं असतं, दुसरं काही नाही. पिन घालायची. आमचंही तेच, फक्त पिन मोठी. तेलाच्या भट्टीचा जाळ लख्ख सोनेरी पाहिजे. तांबूस आणि धुरकट झाला की समजायचं, हवा कमी पडली नाहीतर तेलाचा फवारा मारणारी तोटी खराब झाली. डोळे दिपतील असा पांढरा झाला की हवा जास्त, मग धूरही पांढरा निघतो.

पहिली सुई खाली आली. एक.

दुसरी. दोन. तिसरी. आम्ही सगळे मनात मोजत होतो. चौथ्याच्या वेळी मी भट्टीच्या भोकातून बघतो तर एका तोटीचा जाळ कडेनं तांबूस. अजून धूर नाही, पण होणार. मी चीफना विचारलं नाही, विचारायला वेळच नव्हता. तोटी बंद केली, ओढून काढली, नवी घातली, पेटवली. हातावर भाजलं ते नंतर कळलं. हा बघा अजून डाग आहे, म्हणजे तुम्हाला काय दिसणार, रेडिओ आहे. चीफ आरशाच्या नळीपाशी होते, वळून बघतायत तर मी नवी तोटी आवळतोय. ते काहीच बोलले नाहीत. माझ्याकडं बघितलं, जाळाकडं बघितलं आणि परत नळीला डोळा लावला. धूर झाला नव्हता.

पाच. सहा. सात. आठ.

आठव्यानंतर सुई वर गेली आणि वरच राहिली. आठ विमानं गेली, पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, कॉक्स बझारवर. एका सी हॉकमध्ये एक माणूस. म्हणजे आठ माणसं.

आणि श्रोतेहो, इथंच खरी गोम आहे. विमान जाताना वाफ लागते, म्हणून गेलेलं आम्हाला कळायचं. विमान उतरताना वाफ लागत नाही. ते डेकवर टेकतं, तारेत आकडा अडकतो, थांबतं. त्यातलं काहीसुद्धा खाली कळत नाही. सुई हलत नाही. म्हणजे गेलेली आम्ही मोजू शकत होतो. आलेली मोजू शकत नव्हतो.

बारा वाजले. पुढच्या ड्युटीची पोरं उतरली. नियमानं आम्ही वर जाऊन जेवायचं. पण जागचं कुणी हललं नाही. दुप्पट माणसं झाली, गरमी आणखी वाढली, चीफ एरवी ओरडले असते, तेही गप्प. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या फोनकडं. त्या फोनला घंटेबरोबर दिवा होता, कारण घंटा ऐकू येत नाही.

दिवा लागला. चीफनी एक कान फोनला, दुसऱ्या कानावर तळहात. ऐकलं. फोन ठेवला. आमच्याकडं वळले आणि दोन्ही हात वर केले. उजव्या हाताची चार बोटं, अंगठा मुडपलेला. डाव्या हाताची चार बोटं, अंगठा मुडपलेला.

आम्ही मोजली. सात.

तुम्हाला आत्ता कळलं ना काय झालं? आम्हाला नाही कळलं. रोज बघितलेला हात, करंगळी नसलेला, पण त्या क्षणाला एकाच्याही डोक्यात आलं नाही. चार आणि तीन, सात. एक आलं नाही. माझ्या शेजारी पंजाबचा एक पोरगा होता, तो मटकन खाली बसला. मला मघाची तोटी आठवली. वाटलं, मी तोटी बदलत होतो तेव्हा चौथ्याला वाफ कमी पडली का? ते कमी जोरात फेकलं गेलं का? मी मनातल्या मनात एक माणूस मारूनही टाकला होता.

चीफना कळेना की ही पोरं आनंदानं उड्या मारायच्या ऐवजी मेल्यासारखी का उभी आहेत. त्यांनी हात आणखी उंच केले, आमच्या तोंडासमोर हलवले. परत सात. मग त्यांनी आमच्या नजरा बघितल्या, मान वळवून स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं, आणि जीभ चावली. आणि हळूच, असा, मुडपलेला अंगठा वर काढला.

आठ.

त्यानंतर त्या पन्नास अंशांच्या खोलीत जो गोंधळ झाला तो मला सांगता येणार नाही. पंख्यांच्या आवाजात आमचं ओरडणं आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं. पंजाबच्या त्या पोरानं चीफना उचललं आणि त्यांचं डोकं वरच्या पाइपला आपटलं. युद्धात आमच्या बॉयलर रूममधला जखमी तेवढा एकच.

दुपारी चितगाववर विमानं गेली. पुढं रोज जात राहिली. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली. पण त्या आधी, ९ तारखेला, पश्चिमेला दीवजवळ आपली खुकरी नावाची युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नाविक गेले. तिचे कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे, गेलात तर जरूर थांबा. बॉयलर रूममधल्या माणसाला पाणबुडीचा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लागला की वर यायला वेळ मिळत नाही. लोणावळ्याला माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एक जण खुकरीवर होता. त्याबद्दल मी एवढंच बोलतो.

गावी आलो ते दोन-अडीच महिन्यांनी. आईनं ओवाळलं, पुढ्यात बसवलं, पोळी वाढली आणि विचारलं, "लढाई बघितलीस?"

"नाही."

"मग काय केलंस रं तितं?"

"जाळ घातला."

आई माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तात्याच्या गुऱ्हाळात जाळ घालाया माणूस मिळंना, आन्‌ तू त्याच्यासाठनं बंगालात गेलास!" युद्धाची मिळालेली 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही दोन पदकं मी नंतर तिच्या हातात दिली. तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली, ताकाच्या रवीच्या दोरीला बांधून, हरवू नयेत म्हणून.

१९८२ ला पेन्शन घेऊन आलो. एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, तर साहेब म्हणाले, "माजी सैनिक का? वा. गेटवर जागा आहे." मी म्हटलं, साहेब, मी बॉयलरवर पंधरा वर्षं काढलीत. ते म्हणाले, बंदूक चालवता येते ना? आता हे मी कायम सांगतो, आजही सांगतो. फौजेतून आलेला माणूस दिसला की त्याला एटीएमच्या दारात स्टुलावर बसवायचं, ही काय पद्धत आहे? त्यात कुणी रेडिओ दुरुस्त करणारा असतो, कुणी शंभर माणसांचा स्वयंपाक करणारा, कुणी नर्सिंग केलेला. विचारा तरी! असो. मी बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली आणि दुसऱ्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर लागलो. आणि साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळतात काय? उसाचं चिपाड! तात्या तेव्हा हयात होते. त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी भोकातून आत बघितलं आणि म्हणाले, "जाळ बरा हाय."

विक्रांत १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली. मुंबईला काही वर्षं तिचं संग्रहालय होतं. बायकोला घेऊन गेलो होतो. डेक दाखवलं, विमानं दाखवली. खाली जायचा जिना मात्र साखळी लावून बंद. बायको म्हणाली, "म्हणजे तुमचं तेवढं सोडून सगळं बघितलं." २०१४ साली जहाज भंगारात गेलं. त्यातलं लोखंड वितळवून एका कंपनीनं मोटरसायकलमध्ये घातलं, ती माझ्या नातवानं हट्टानं घेतली. पोरगं अभिमानानं गावभर सांगतं. पण सायलेन्सरमधून धूर मारते. मी त्याला रोज सांगतो, सर्व्हिसिंग कर, विक्रांतनं धूर मारला नव्हता.

२०१९ च्या पुरात कृष्णामाई आमच्या माडीच्या पायऱ्यांवर आली, तेव्हा नौदलाची रबरी बोट दारात येऊन उभी राहिली. नौदल, सांगली जिल्ह्यात! बोटीतला पोरगा विशीतला. "आजोबा, घाबरू नका, हात द्या." मी त्याला विचारलं, "कुठल्या ब्रँचचा?" त्यानं सांगितलं, "इंजिन." मग मी हात दिला.

ताईंनी पाच बोटं दाखवून झाली, चार झाली. उरकतो.

चीफ निवृत्त होऊन केरळला गेले. फोन आल्यापासून दर वर्षी ४ डिसेंबरला मी त्यांना फोन करायचो. नौदल दिन आपल्याकडं त्याच तारखेला असतो, पण तो कराचीवरच्या हल्ल्यासाठी. आमचा वेगळा. ते फोन उचलून पहिलं वाक्य एकच म्हणायचे, "गुडवाला, कितने वापस आए?" मी म्हणायचो, "आठ, चीफ." मग मोडक्या हिंदीत गुडघे, साखर, नातवंडं.

काही वर्षांपूर्वी फोन त्यांच्या मुलीनं उचलला. चीफ गेले होते, ऑगस्टमध्येच. मी काय बोलावं सुचेना. तीच म्हणाली, "बाबा तुमची गोष्ट सगळ्यांना सांगायचे." मला बरं वाटलं. विचारलं, काय सांगायचे? ती म्हणाली, "हेच, की जहाजावर एक मराठी मुलगा होता, जाळ फार छान घालायचा, पण त्याला आठपर्यंत मोजता येत नव्हतं."

काचेपलीकडं आता एकच बोट वर आहे. ताईंची दहाही शाबूत आहेत, त्यामुळं या वेळी माझ्या मोजण्यात चूक नाही. नमस्कार.